लोअर आर्मचे बोल्ट शेवटचे कधी आवळायचे?

पिकअपचा पुढचा लोअर आर्म बदलला, बिल भागवलं, गाडी मऊ चालू लागली आणि सहा महिने व्हायच्या आत पुढून पुन्हा तीच खडखड. अशा वेळी मालक सुट्या भागाला दोष देतो, दुकानदाराला देतो, रस्त्याला तर देतोच. पुष्कळदा भाग चांगला असतो. आर्मचे चेसिसकडचे बोल्ट गाडी जॅकवर, चाक हवेत लोंबत असताना पूर्ण आवळलेले असतात, आणि नव्या बुशचं आयुष्य तिथेच संपायला लागतं. ज्यांना हे काम स्वतः करायचंय त्यांच्यासाठी पूर्ण कृती पुढे आहे. जे गॅरेजला गाडी देतात त्यांनीही वाचावं, म्हणजे मेकॅनिकला नेमका काय प्रश्न विचारायचा ते कळेल.

आधी कोणती गाडी ते ठरवू. टाटा एससारख्या गाडीला पुढे सरळ ॲक्सल आणि पाटे असतात. तिला लोअर आर्म नसतोच. इथे आपण बोलतोय ते इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्स या जातीच्या पिकअपबद्दल. पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी आर्म आणि मध्ये स्प्रिंग चढवलेला शॉकअप, अशी त्यांची मांडणी असते. फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टा यांची पुढची बाजूही याच पद्धतीची, म्हणून त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. मात्र स्प्रिंग शॉकअपवर नसून वेगळी, थेट आर्म आणि चेसिस यांच्यामध्ये दाबून बसवलेली असेल, तर हे काम स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि अनुभवी हात यांच्याशिवाय करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. पुढे टॉर्शन बार असलेल्या जुन्या गाड्यांत बारचा ताण आधी खुणा करून उतरवावा लागतो.

आता बुश. बाहेरून तो रबराचा गोळा दिसतो, पण त्याच्या आत एक लोखंडी नळी असते, बाहेर दुसरी, आणि मधलं रबर दोन्हींना कायमचं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्ममध्ये प्रेस मारून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो, आणि तो आवळला की चेसिसचे दोन कान त्या नळीला दोन्हीकडून चिमटीत धरतात. म्हणजे आतली नळी फिरत नाही. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म फिरतो आणि ती सगळी हालचाल रबर स्वतः पिळलं जाऊन सहन करतं. बोल्टभोवती बुश बिजागरीसारखा फिरतो, हा समज चुकीचा आहे. रबरी बुश घसरत नाही, पिळला जातो.

गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं. आर्म ४० सेंटिमीटर लांब आहे आणि चाक १० सेंटिमीटर खाली आलंय असं धरा. आर्म सुमारे १४ अंशांनी खाली झुकलेला असतो. तेव्हा बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते. गाडी जमिनीवर उतरली की रबर १४ अंश पिळलेलं, आणि उभ्या गाडीतही रात्रंदिवस तसंच. त्यावर खड्ड्यात चाक वर उडालं की आणखी दहा-बारा अंशांची भर पडते. रबर नळीपासून सुटायला लागतं, आधी केसाएवढी चीर जाते, मग आर्म पुढे-मागे हलू लागतो. शिवाय पिळलेलं रबर स्वतःच स्प्रिंगचं काम करून गाडीचा पुढचा भाग थोडा उचलून धरतं, त्यामुळे अलाइनमेंटची मापंही खरी येत नाहीत.

पण आर्मच बदलायला झालाय हे ओळखायचं कसं? स्पीडब्रेकरवर खडखड ऐकून थेट आर्म मागवू नका. स्टॅबिलायझर लिंक, शॉकअपचा बुश, टाय रॉड एंड यांचाही आवाज तसाच येतो. बुश गेल्याची ठळक खूण ब्रेकमध्ये सापडते. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, सोडला की परत येते. हायवेवर स्टीअरिंग सारखं सावरत राहावं लागतं. कारण ब्रेकच्या जोराने आर्म मागे सरकतो आणि चाकाचा कोन क्षणभर बदलतो. एकाने गाडी अगदी हळू पुढे-मागे करत ब्रेक मारायचा आणि दुसऱ्याने बाजूला, चाकापासून सुरक्षित अंतरावर बसून बॅटरीच्या उजेडात आर्मकडे पाहायचं. मागचा बुश फाटलेला असेल तर आर्मचा कान चेसिसच्या कानाजवळ उघड उघड सरकताना दिसतो. टायरची आतली कड जास्त झिजलेली असेल तर शंका आणखी घट्ट होते.

बॉल जॉइंटची तपासणी वेगळी. या गाड्यांत स्प्रिंगचा भार लोअर आर्मवर येतो, म्हणून जॅक चेसिसखाली लावला तर भाराखाली जॉइंट घट्ट वाटतो आणि झीज लपते. जॅक आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ लावा, टायर जमिनीपासून दोन बोटं उचला, आणि टायरखाली पहार घालून हलकेच वर उचलून बघा. खट्‌कन उभी हालचाल जाणवली तर जॉइंट गेला. चाक वरून आणि खालून धरून हलवल्यावर ढिलेपणा वाटला, तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष बहुधा हबच्या बेअरिंगचा आहे.

बॉल जॉइंटला हलक्यात घेऊ नका. बुश फाटला तर गाडी ओढते, बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं आणि स्टीअरिंग हातात राहत नाही. २००५ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टाकोमा, टुंड्रा, सिकोया आणि फोररनर या गाड्या लाखांनी परत बोलावल्या, त्या याच लोअर बॉल जॉइंटपायी. बनवताना आतल्या गोळ्याच्या पृष्ठभागावर ओरखडे राहिले होते आणि त्यांनी जॉइंट वेळेआधी झिजत होता. रबरी बूट फाटून ग्रीस वाहून गेलं आणि आत चिखल शिरला, तर आपल्या रस्त्यांवर निर्दोष जॉइंटचीही तीच गत होते.

पूर्ण आर्म घ्यायचा की फक्त बुश? आर्म सरळ असेल, गंजून पापुद्रे सुटले नसतील आणि जवळ चांगला प्रेसवाला असेल, तर बुश बदलून घेण्यात काही गैर नाही. पण प्रेस मारताना आर्मच्या दोन कानांमध्ये आधार घालावा लागतो, नाहीतर कान आत दबतात. काही बुशांवर बाणाची खूण असते किंवा रबरात एका बाजूला पोकळी ठेवलेली असते. ती जुन्या बुशप्रमाणेच यायला हवी. घणाने ठोकून बुश बसवणाऱ्याकडे आर्म देऊ नका. बॉल जॉइंटही गेला असेल तर माझं मत पूर्ण आर्म घेण्याचं आहे, कारण मजुरी दोनदा पडत नाही. मालवाहू गाडीला मी कंपनीचं रबरच निवडेन. पॉलियुरेथेनचे बुश कडक असतात, काही बनावटींत आतली नळी मोकळी फिरते म्हणून पिळण्याचा प्रश्न येत नाही, पण त्यांना ग्रीस लागतं, ते करकरतात आणि खड्ड्याचा धक्का सरळ चेसिसमध्ये पाठवतात.

आर्म मागवताना त्याच्याबरोबर कॅम बोल्ट (म्हणजे आर्मचे चेसिसकडचे बोल्ट), कॅमच्या चकत्या, नट आणि स्प्लिट पिनाही मागवा. याच्यासारखा शहाणपणा दुसरा नाही, आणि याचं कारण गंज आहे. बोल्ट बुशच्या आतल्या नळीत वर्षानुवर्षं बसलेला असतो. समुद्राकाठी, मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरून मासळी वाहणाऱ्या गाड्यांवर तर बर्फाचं खारट पाणी रोज गळतं. अशा गाडीचा नट सुटतो, पाना लावला की बोल्टचं डोकं फिरतं, आपण खूश होतो, आणि तरी बोल्ट केसभरही बाहेर येत नाही. निरखून पाहिलं तर बोल्टबरोबर आतली नळीही फिरत असते आणि रबर पीळ खाऊन परत येत असतं. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारा. तरी हलला नाही, तर गॅसची ज्योत लावण्याआधी थांबा. रबर पेटतं, आणि शेजारीच ब्रेकचे पाइप, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट असतात. नवा बोल्ट हाताशी असेल तर चेसिसचा कान आणि बुश यांच्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापणं हाच सरळ मार्ग. चेसिसच्या कानाला पातं लागता कामा नये.

कामाला सुरुवात सपाट, पक्क्या जमिनीवर करा. गाडी उचलण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. हे माप शेवटी लागणार आहे. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, पुढच्या चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग गाडी उचलून चेसिसखाली दोन्हीकडे स्टँड द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही जायचं नाही. विटांवर तर नाहीच.

चाक काढल्यावर पहिलं काम खुणांचं. कॅमची चकती ही मध्यापासून सरकलेलं भोक असलेली गोल चकती आहे. ती फिरवली की आर्मचं टोक आत-बाहेर सरकतं आणि त्यावर चाकाचे कोन ठरतात. ब्रशने माती काढा आणि चकती व चेसिस यांच्यावर मिळून एक रेघ ओढा. रंगाची रेघ तेलाने पुसली जाते, म्हणून पंचनेही ठोका. चारही चकत्यांच्या खुणांचे फोनवर फोटो काढा. खुणा राहिल्या तर अलाइनमेंटपर्यंत गाडी निदान सरळ जाईल.

मग स्टॅबिलायझर लिंक आणि गरज असेल तर टाय रॉड एंड सोडवा. टाय रॉडची स्प्लिट पिन काढून नट सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही, आणि ज्या डोळ्यात टेपर, म्हणजे जॉइंटचं निमुळतं टोक, बसलाय त्याच्या बाजूवर हातोडीचे एक-दोन खणखणीत ठोके द्यायचे. टेपर सुटतो आणि नट असल्यामुळे जॉइंट खाली आदळत नाही. आट्यांवर हातोडी मारू नका. दुबेळकं हत्यार आत ठोकलं तर जॉइंट सुटतो, पण रबरी बूटही फाटतो, म्हणून जॉइंट परत वापरायचा असेल तर पुलर लावा. लोअर बॉल जॉइंटलाही हाच नियम. तो काही गाड्यांत बोल्टने जोडलेला असतो, काहींत आर्ममध्येच दाबलेला. आपल्या गाडीचं मॅन्युअल बघून मगच पाना लावा.

शॉकअपचा खालचा बोल्ट काढण्याआधी आर्मखाली जॅकचा आधार द्या. शॉकअपच्या अगदी वर, मधोमध जो नट दिसतो त्याला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटावर अडलेली असते. वरच्या आर्मचं काम इथे नाही, तो राहू द्या. पण खालचा जॉइंट सुटला की हब, ब्रेक आणि ते धरणारा नकल यांचं सगळं वजन वर टांगलं जातं. ते जाड तारेने चेसिसला बांधा. ब्रेकचा होज ताणला जाऊ नये, एबीएसची वायर ओढली जाऊ नये, आणि ४×४ गाडीत नकल बाहेरच्या बाजूला झुकू देऊ नये, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. काही गाड्यांत कॅम बोल्ट बाहेर यायच्या वाटेवर स्टीअरिंग रॅक आडवा येतो; तेव्हा रॅकचे बोल्ट काढून तो थोडा सरकवावा लागतो. आर्म जड असतो. शेवटचा बोल्ट निघताना दुसऱ्या माणसाने तो धरलेला हवा.

जुना आणि नवा आर्म जमिनीवर शेजारी ठेवून पाहा. डावा-उजवा बरोबर आहे का, बॉल जॉइंटचा कोन तोच आहे का, शॉकअपची जागा जुळते का. चेसिसच्या कानांमधला गंज, माती तारेच्या ब्रशने साफ करा, विशेषतः जिथे कॅमची चकती टेकते तिथे. मातीचा थरसुद्धा पुढे दबतो आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. बोल्टच्या गुळगुळीत भागावर ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो निघेल. आट्यांना आणि रबराला ग्रीस लागू देऊ नका. आट्यांवर ग्रीस असलं की तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. बॉल जॉइंटचा टेपर आणि त्याचं भोक मात्र पूर्ण कोरडं, स्वच्छ हवं.

आर्म जागेवर घ्या, कॅम बोल्ट जुन्या दिशेने घाला, चकत्या खुणांवर आणा आणि नट फक्त चकत्या टेकेपर्यंत फिरवा. इथे हात आवरायचा. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड हे आत्ताच मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळायचे, कारण त्यांच्यात पिळलं जाणारं रबर नाही. खाचांच्या नटाचं भोक पिनेशी जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा, मागे सैल करू नका. जुनी स्प्लिट पिन आणि एकदा काढलेला नायलॉनचा नट परत वापरायचा नाही. शॉकअपच्या खालच्या टोकालाही रबरी बुश असेल, तर तो बोल्टही शेवटासाठी राखून ठेवा.

आता चाक लावा आणि गाडी जमिनीवर उतरवा. चार-सहा फूट हळू पुढे-मागे ढकला, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा. सुरुवातीला लिहिलेलं चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं माप तपासा. ते जवळपास जुळलं की गाडी रोजच्या उंचीवर बसली, आणि याच स्थितीत कॅम बोल्टचे नट टॉर्क रेंचने आवळा. गाडी चारही चाकांवर उभी राहणाऱ्या रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर हे सोपं जातं. घरी खाली शिरायला जागा नसेल तर गाडी स्टँडवरच ठेवून आर्मखाली, बॉल जॉइंटजवळ जॅक लावा आणि तेच माप येईपर्यंत आर्म उचला. चेसिस स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर तिथेच थांबा. हा मार्ग तुमच्या गाडीसाठी नाही.

टॉर्कचा आकडा गाडीगणिक बदलतो, तो मॅन्युअलमधूनच घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच रेंचवर किलो-मीटर असतं आणि पुस्तकात न्यूटन-मीटर. १ किलो-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर, म्हणून न्यूटन-मीटरच्या आकड्याला दहाने भागलं तर अंदाज येतो, नेमक्या कामासाठी ९.८ ने भागा. पान्याला पाइप घालून अंगाच्या जोरावर आवळणं बरेच जण करतात. त्यात कधी बोल्ट ताणला जातो, तर कधी कमी पडून कॅम सरकतो आणि अलाइनमेंट महिन्याभरात बिघडते.

गाडीची उंची वाढवलेली असेल, तर नवी उंची हीच रोजची उंची धरायची. पण मूळ रचनेपासून वेगळे लांब आर्म किंवा मोठी उंची वाढ करण्याआधी मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ वाचून घ्या. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपापासून गाडी बदलण्यावर तिथे बंधनं आहेत, आणि विम्याच्या वेळी हा प्रश्न उभा राहतो.

शेवटी अलाइनमेंट, आणि इथे मालकाने स्वतः उभं राहावं. पुष्कळ ठिकाणी फक्त टाय रॉड फिरवून टो, म्हणजे चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत ते, जुळवतात, कारण तो पटकन होतो, आणि कॅमला हातही लावत नाहीत. लोअर आर्म बदलल्यावर एवढं पुरत नाही. दोन्ही कॅम एकाच दिशेने सरकवले की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो, एकमेकांच्या उलट सरकवले की कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा पुढे-मागे कल); दोन्ही बसल्यावर सगळ्यात शेवटी टो. क्रम उलटला तर टो पुन्हा बिघडतो. याच वेळी कॅमचे नट सैल होतात आणि गाडी तिच्या चाकांवर उभी असते, म्हणजे बुश मोकळा होऊन बरोबर जागी बसायची आणखी एक संधी मिळते. तेव्हा नट टॉर्क रेंचने आवळून घ्या, नटावर आणि चेसिसवर पिवळ्या रंगाची रेघ ओढून घ्या, आणि कोनांचा छापील कागद मागून घ्या. डाव्या-उजव्या बाजूच्या कॅस्टरमध्ये फरक जास्त दिसला तर गाडी ओढणारच, ते तिथेच दुरुस्त करून घ्या. स्थिरता नियंत्रण असलेल्या गाडीत स्टीअरिंगच्या सेन्सरचं शून्य पुन्हा लावावं लागतं का, तेही विचारा; डॅशबोर्डवर दिवा लागून राहिला तर हे एक कारण असू शकतं.

शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यावर रेघा जुळतात का ते बघा आणि कॅमचे, बॉल जॉइंटचे, चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. महिन्याभराने टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. एका दिशेने खरखरीत, दुसऱ्या दिशेने गुळगुळीत लागलं तर टो बसलेला नाही. टायर झिजायच्या आत गाडी परत अलाइनमेंटला न्या.